पडत्या संघासाठी प्रशिक्षक निवडताना: नेब्रास्काची दोन दशके

११ सप्टेंबर २०२२ रोजी नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना पदावरून दूर केले आणि करारातील अटीप्रमाणे त्यांना सुमारे दीड कोटी डॉलर देणे पत्करले. हाच निर्णय १ ऑक्टोबरपर्यंत लांबवला असता, तर ही रक्कम निम्म्यावर, म्हणजे ७५ लाख डॉलरवर आली असती. पण आदल्याच दिवशी जॉर्जिया सदर्न या बऱ्याच लहान विद्यापीठाने नेब्रास्काला त्याच्याच मैदानावर ४५-४२ असे हरवले होते, आणि विद्यापीठाच्या लिंकन शहरातला संताप इतका होता की तीन आठवडे कळ काढणेही क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांना शक्य वाटले नाही. त्या दिवसापासून सुरू झालेली चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: आता कोण? माझे म्हणणे असे आहे की पडत्या काळातल्या संघाने हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायला हवा. नेब्रास्काने वीस वर्षे तो सर्वांत आधी विचारला, आणि त्याची किंमत मोजली.

मराठी वाचकाला ही रक्कम आणि ही घाई, दोन्ही विचित्र वाटतील. आपल्या घरांतून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांना विद्यापीठाची ओळख त्याच्या क्रमवारीवरून झालेली असते. त्या गावात मात्र ते विद्यापीठ शनिवारच्या सामन्यावरून ओळखले जाते, हे तिथे उतरल्यावर पहिल्याच सत्रात लक्षात येते. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास आहे आणि तिथे मोठ्या लीगमधला एकही व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे सगळ्या राज्याची भक्ती एका विद्यापीठाच्या संघावर एकवटली आहे. तिथल्या मेमोरियल स्टेडियममधील प्रत्येक सामन्याची तिकिटे १९६२ पासून संपत आली आहेत, आणि मधल्या पडझडीतही हा क्रम अखंड चालू असल्याचे विद्यापीठ अभिमानाने सांगते. विद्यापीठ सार्वजनिक आहे आणि त्याच्या नियामक मंडळाचे सदस्य मतदारांनी निवडून दिलेले असतात. अमेरिकेच्या अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सार्वजनिक कर्मचारी हा राज्यपाल किंवा कुलगुरू नसून फुटबॉलचा प्रशिक्षक असतो. म्हणून त्याची निवड ही केवळ खेळाची बाब राहत नाही.

नेब्रास्काला प्रशिक्षक निवडता येत नव्हता, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९६१ अखेर संघाची अवस्था दयनीय होती. कुलगुरू क्लिफर्ड हार्डिन मिशिगन स्टेट विद्यापीठातून आलेले होते. त्यांनी तिथले प्रशिक्षक डफी डॉअर्टी यांचा सल्ला घेतला आणि डॉअर्टींनी वायोमिंग विद्यापीठात प्रशिक्षक असलेल्या बॉब डेव्हॅनी यांचे नाव सुचवले. डेव्हॅनींनी पहिल्याच वर्षी नऊ सामने जिंकले, १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि १९७३ साली संघ आपला सहायक टॉम ऑस्बर्न यांच्या हाती सोपवला. ऑस्बर्न पंचवीस वर्षे प्रशिक्षक होते. त्यांनी २५५ सामने जिंकले, ४९ हरले, आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत. तरीही त्यांचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९९४ सालचे, म्हणजे बाविसाव्या हंगामातले आहे. सुरुवातीची पाच वर्षे ते ओक्लाहोमाकडून सतत हरत होते आणि १९७८ च्या अखेरीस ते स्वतःच कोलोरॅडोला निघून जाण्याच्या विचारात होते. १९९४, १९९५ आणि १९९७ ही तीन विजेतेपदे मिळाल्यावर ते निवृत्त झाले. आजच्या हवेत ते तिथवर पोहोचले असते का, याबद्दल मला दाट शंका आहे.

घसरणीचा आरंभ कुठून धरायचा यावर नेब्रास्कात वाद आहेत, पण २००३ च्या नोव्हेंबरकडे बोट दाखवणारे लोक सर्वांत जास्त आहेत. ऑस्बर्न यांचे वारसदार फ्रँक सोलिच यांनी सहा हंगामांत ५८ सामने जिंकून १९ गमावले होते. २००१ च्या हंगामात संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला होता, २००२ मध्ये तो ७-७ वर (सात विजय, सात पराभव) घसरला आणि २००३ मध्ये पुन्हा सावरून ९-३ वर आला होता. कोलोरॅडोला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी सोलिच यांना काढले. संघाला सुमारपणाकडे घसरू देणार नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. पुढे काय, याची तयारी मात्र त्यांनी केलेली नव्हती. शोध महिनाभराहून अधिक चालला, काही नकार पचवावे लागले, आणि शेवटी व्यावसायिक फुटबॉलमधून, ओकलंड रेडर्समधून, नुकतेच बाहेर पडलेले बिल कॅलहन आले. धावण्याच्या खेळावर उभ्या असलेल्या संघाला त्यांनी पासच्या खेळाकडे वळवले. पहिल्याच वर्षी संघ ५-६ असा हरला, १९६१ नंतरचा हा पहिला तोट्याचा, म्हणजे विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला हंगाम होता, आणि हंगामाअखेरचे बोल सामने (चांगल्या संघांना निमंत्रणावरून मिळणारे) खेळण्याची सलग पस्तीस वर्षांची परंपरा त्याच वर्षी तुटली. सोलिच यांनी नंतर ओहायो विद्यापीठात सोळा हंगाम काम केले आणि शंभरहून अधिक सामने जिंकले.

यानंतरच्या नेमणुका ओळीने पाहिल्या की त्यांच्यातला समान धागा दिसतो. कॅलहन परके आणि थंड वाटले, म्हणून २००८ मध्ये बो पेलिनी आले. ते बचावाचे जाणकार, तापट, आणि सोलिच यांच्या शेवटच्या वर्षी नेब्रास्कातच काम केलेले. त्यांच्या सातही हंगामांत संघाने नऊ किंवा दहा सामने जिंकले आणि सातही हंगामांत बरोबर चार हरले. त्यांचा स्वभाव आणि मोठ्या सामन्यांतले दारुण पराभव यांना कंटाळून २०१४ अखेर त्यांना काढले, आणि त्यांच्या जागी ओरेगॉन स्टेटचे माइक रायली आणले. रायली शांत आणि सर्वांना आवडणारे होते. पण नेमणुकीच्या आधीच्या हंगामात त्यांचा स्वतःचा संघ ५-७ होता. तीन वर्षांत त्यांचे विजय १९ आणि पराभवही १९. मग रायली बाहेरचे होते म्हणून घरचा मुलगा हवा झाला, आणि राज्यातल्याच वुड रिव्हर गावचे, १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक असलेले फ्रॉस्ट परतले. प्रत्येक नवा माणूस हा आधीच्या माणसाच्या दोषाला दिलेले उत्तर होता. संघाला नेमके काय झाले आहे या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी कोणीच नव्हता, कारण तो प्रश्न कोणी त्यांच्यासमोर नीट मांडलाच नव्हता. निदान न करता वैद्य बदलत राहावे, तसा हा प्रकार होता.

निदान अवघड नव्हते. ऑस्बर्न यांच्या काळातील नेब्रास्काचे वर्चस्व काही ठोस सोयींवर उभे होते आणि त्या सोयी एकेक करून नाहीशा झाल्या होत्या. १९६९ साली या विद्यापीठाने बॉयड एप्ली यांना खेळाडूंची ताकद वाढवण्याच्या कामावर नेमले, तेव्हा असे पद इतरत्र जवळपास नव्हतेच; वीस वर्षांत ते सगळ्यांकडे झाले. शिष्यवृत्ती नसतानाही खेळायला येणाऱ्या स्थानिक मुलांची मोठी फळी नेब्रास्काकडे होती. पण ९० च्या दशकात एका संघाला देता येणाऱ्या शिष्यवृत्तींची कमाल मर्यादा ८५ वर आली, आणि त्याचा लाभ मोठ्या विद्यापीठांची उरलीसुरली गुणी मुले मिळू लागलेल्या छोट्या विद्यापीठांना झाला. १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्ह या परिषदेचे, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे, सामने सुरू झाले, तेव्हा शैक्षणिक पात्रतेची अट अंशतःच पूर्ण करणाऱ्या खेळाडूंवर तिथे बंधने आली. नेब्रास्का असे खेळाडू इतरांपेक्षा जास्त घेत असे. २०११ मध्ये अधिक उत्पन्न आणि स्थैर्य यांसाठी विद्यापीठ बिग टेन परिषदेत गेले. पैसा मिळाला, पण टेक्सासमध्ये दरवर्षी खेळणे बंद झाले आणि त्या राज्यातल्या मुलांशी असलेले नातेही सैल झाले. सामने दूरचित्रवाणीवर क्वचित दिसत, त्या काळात नेब्रास्काला मिळणारी प्रसिद्धी हीदेखील मोठी पुंजी होती; आता सगळ्यांचेच सामने दिसतात. यातले काहीही कोणा एका प्रशिक्षकाने बिघडवलेले नव्हते, त्यामुळे केवळ प्रशिक्षक बदलून ते दुरुस्तही होणार नव्हते.

या बाबतीत थोडा अभ्यासही उपलब्ध आहे. २०१२ च्या सुमारास अॅडलर, बेरी आणि डोहर्टी या तीन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी वरच्या श्रेणीतील विद्यापीठ संघांची अनेक वर्षांची कामगिरी तपासली. प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना त्यांनी तितक्याच वाईट अवस्थेत असूनही प्रशिक्षक न बदललेल्या संघांशी केली. अगदी तळाच्या संघांना बदलाचा म्हणण्यासारखा फायदा झाला नव्हता. आणि मध्यम संघांनी प्रशिक्षक बदलला तेव्हा पुढची काही वर्षे ते न बदलणाऱ्यांपेक्षा वाईटच खेळले. सोलिच आणि पेलिनी यांच्या गच्छंतीचे हे जवळजवळ वर्णनच आहे. अर्थात हे सरासरीचे निष्कर्ष आहेत आणि सरासरीत अपवाद दडलेले असतात. निवड करणाऱ्याचे खरे काम त्या अपवादांकडे नीट पाहण्याचे आहे.

यातला मला सर्वांत बोलका वाटणारा अपवाद कॅन्सस स्टेटचा आहे. १९८८ अखेर त्या विद्यापीठाचा संघ सलग २७ सामने एकही विजय न मिळवता खेळला होता, आणि फुटबॉल बंदच करावे की काय अशी चर्चा होती. तिथे आयोवा विद्यापीठात आक्रमणाची बाजू सांभाळणारे बिल स्नायडर आले. विद्यापीठ स्तरावर मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा अनुभव शून्य होता. पण आयोवामध्ये हेडन फ्राय यांनी असाच एक मरगळलेला संघ उभा केला, तेव्हा ते दहा वर्षे त्यांच्या शेजारी होते आणि ते काम आतून कसे चालते हे त्यांनी पाहिले होते. पहिल्या वर्षी त्यांना एकच विजय मिळाला. नंतरच्या चार वर्षांत पाच, सात, पुन्हा पाच आणि मग नऊ. त्यांनी परिषदेबाहेरचे सामने सोपे निवडले, त्याबद्दल त्यांची चेष्टाही झाली. परंतु जिंकणे म्हणजे काय हे विसरलेल्या मुलांना जिंकण्याची सवय लावणे हे कामाचा भाग आहे, असे ते मानत असावेत. महत्त्वाची गोष्ट अशी की एक, पाच, सात, पाच या आकड्यांमधल्या दुसऱ्या पाचवर कोणी घाबरले नाही. १९९८ मध्ये हाच संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापासून एका विजयाच्या अंतरावर होता.

दुसरा अपवाद ताजा आहे आणि त्याने संयमाबद्दलची जुनी गृहीतके हलवली आहेत. इंडियाना विद्यापीठ २०२३ मध्ये ३-९ होते. वरच्या श्रेणीत सर्वाधिक पराभव त्याच्याच नावावर होते, एका हंगामात दहा विजय त्याने कधीच मिळवले नव्हते, आणि परिषदेचे शेवटचे विजेतेपद, तेही विभागून, १९६७ चे होते. क्रीडा संचालक स्कॉट डॉलसन यांनी बासष्ट वर्षांच्या कर्ट सिग्नेटी यांना आणले, तेव्हा ही निवड देशभर गाजली वगैरे नव्हती. सिग्नेटी अलाबामा विद्यापीठात नामवंत प्रशिक्षक निक सेबन यांचे सहायक होते. ते पद सोडून, पगार कमी करून घेऊन, २०११ मध्ये ते पेन्सिल्व्हेनियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका छोट्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिथून ते ईलॉन आणि मग जेम्स मॅडिसन या विद्यापीठांत गेले. तिन्ही ठिकाणी मिळून ११९ विजय आणि ३५ पराभव, आणि एकही हंगाम तोट्याचा नाही. आल्यावर मुलांना कसे पटवता असे विचारताच ते म्हणाले की मी जिंकतो, गूगलवर शोधून पाहा. लोक हसले. ते आपल्याबरोबर आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंचे मुख्य सहायक आणि जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू घेऊन आले. २०२४ मध्ये इंडियानाने अकरा सामने जिंकले आणि २०२५ च्या हंगामात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

हा चमत्कार जितका सिग्नेटी यांचा, तितकाच बदललेल्या नियमांचाही आहे. २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येते, त्याच वर्षापासून त्यांना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येतात, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःही त्यांना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत रक्कम वाटू शकतात. स्नायडर यांना जे घडवायला पाच वर्षे लागली, त्यातला बराच भाग आता एका हिवाळ्यात विकत घेता येतो. म्हणून ‘पाच वर्षे धीर धरा’ हा जुन्या लोकांचा उपदेश जसाच्या तसा लागू राहिलेला नाही, हे मी मान्य करतो. पण याच कारणासाठी प्रशिक्षकाकडे पाहण्याची कसोटी बदलायला हवी. एका चांगल्या हंगामाला आता पूर्वीइतका अर्थ नाही, कारण तो उसन्या खेळाडूंवर उभा असू शकतो. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या साधनांनिशी, वर्षानुवर्षे संघ उभे केल्याचा पुरावाच काही सांगू शकतो. सिग्नेटी यांच्याकडे तो तेरा वर्षांचा होता आणि कोणालाही दिसेल असा उघड्यावर पडलेला होता.

फ्रॉस्ट यांचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते, असे कोणी म्हणेल, आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. सेंट्रल फ्लोरिडाचा संघ २०१५ मध्ये बाराच्या बारा सामने हरला होता. फ्रॉस्ट यांनी दोन वर्षांत तो १३-० वर नेला. पडता संघ उभा करून दाखवण्याची अट त्यांनी पूर्ण केली होतीच, आणि त्या हिवाळ्यात त्यांना नको म्हणणारे विद्यापीठ बहुधा सापडले नसते. तरी नेब्रास्कात त्यांचे १६ विजय आणि ३१ पराभव झाले. २०२१ मधले नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाचे होते, म्हणजे संघ दरवेळी जवळ येऊन हरत होता. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे दोन वर्षे आणि एक विद्यापीठ हा पुरावा तोकडा होता. सेंट्रल फ्लोरिडा हे खेळाडूंनी भरलेल्या राज्यातले प्रचंड मोठे विद्यापीठ आहे, आणि नेब्रास्काची अडचण बरोबर उलटी आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. घरी परतलेल्या नायकाला कोणी प्रश्न विचारत नाही. २०१९ मध्ये, दोन हंगाम मिळून पराभव विजयांपेक्षा जास्त असताना, क्रीडा संचालक बिल मूस यांनी त्यांचा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला. स्वतःच्या संघातली शिस्त, चेंडू हातून सुटणे, विशेष पथकांची (चेंडू लाथाडण्याच्या वेळी खेळणाऱ्या) हलगर्जी, या सगळ्यांवर जो हिशोब दुसऱ्या कोणाकडे मागितला गेला असता, तो त्यांच्याकडे बराच काळ मागितला गेला नाही. भूमिपुत्र असणे हा दोष नाही. पण निवडीच्या वेळी ते गुणांच्या बाजूला मांडले, की नंतर देखरेखीच्या वेळी तेच आड येते.

मोठ्या नावाबद्दल फार लिहायची गरज नाही. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२४ मध्ये बिल बेलिचिक यांना वर्षाला एक कोटी डॉलरवर आणले. न्यू इंग्लंडच्या व्यावसायिक संघाला सहा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची विजेतेपदे, जिंकून देणाऱ्या या माणसाने विद्यापीठ स्तरावर कधीच प्रशिक्षण दिलेले नव्हते. पहिल्या हंगामात चार विजय, आठ पराभव. एका हंगामावरून अंतिम निकाल देणे योग्य नाही, पण त्यांना निवडताना तिथल्या विश्वस्तांनी कोणत्या कामाचा कोणता पुरावा पाहिला होता, हे विचारायला हंगाम संपण्याची वाट पाहावी लागत नव्हती.

विश्वस्तांचा उल्लेख आला आहे, तर निवड करणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे, कारण बहुतेक चर्चा उमेदवारांवर होते आणि निवडणारे सुटतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने ब्रायन केली यांना काढले. त्यांचे देणे सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर असल्याचे सांगितले गेले. त्यानंतर राज्यपाल जेफ लँड्री यांनी जाहीरपणे सांगितले की पुढचा प्रशिक्षक क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत, आणि लगेच वुडवर्डही गेले. सार्वजनिक पैशावर राज्यपालांनी बोलू नये असे मी म्हणत नाही. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढण्यासाठी साडेसात कोटींहून अधिक डॉलरचे देणे अंगावर घेतले, तेव्हाही कोणीतरी आधी बोलायला हवे होते. पण राज्यपाल, विश्वस्त, मोठे देणगीदार आणि शोधासाठी नेमलेली सल्लागार कंपनी असे सगळे एकाच खुर्चीत बसले, की निवड फसल्यावर त्या खुर्चीत कोणीच बसलेले नव्हते असे निघते. देणगीदाराला तर करार मोडण्याची रक्कम देण्यात अभिमानच वाटतो. तोच पैसा सहायकांच्या पगारासाठी किंवा खेळाडू शोधणाऱ्या माणसांसाठी मागितला, तर हात आखडतो. निवड एका क्रीडा संचालकाने करावी, कुलगुरूंना कारणे लेखी द्यावीत, आणि बाकीच्यांनी पगाराची मर्यादा ठरवून बाजूला व्हावे, हे मला योग्य वाटते.

आणि नेब्रास्काला हे इतके दूर जाऊन शिकण्याची गरजही नाही. त्याच विद्यापीठाचा महिला व्हॉलीबॉल संघ देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचा सामना पाहायला याच फुटबॉल मैदानावर ९२,००३ लोक आले होते. टेरी पेटिट यांनी हा संघ १९७७ पासून १९९९ पर्यंत सांभाळला. जॉन कुक त्यांचे सहायक होते. मग ते विस्कॉन्सिनचे मुख्य प्रशिक्षक झाले, तिथे सात वर्षे स्वतःच्या जबाबदारीवर संघ चालवला, एक वर्ष पेटिट यांच्याबरोबर परत येऊन काम केले आणि २००० साली सूत्रे घेतली. पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि पुढे आणखी तीन. जानेवारी २०२५ मध्ये ते निवृत्त झाले, त्याच दिवशी डॅनी बसबूम केली यांचे नाव जाहीर झाले. त्या नेब्रास्काच्याच, २००६ च्या विजेत्या संघातल्या खेळाडू. पण त्यांना केवळ तेवढ्यासाठी बोलावले नाही. त्याआधी आठ हंगाम त्यांनी लुईव्हिलचा संघ चालवला होता आणि दोनदा राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेला होता. घरचे असणे आणि बाहेर स्वतःला सिद्ध केलेले असणे या दोन्ही गोष्टी, शोध सुरू होण्याच्या कितीतरी आधी, तपासलेल्या होत्या. फुटबॉलवाल्यांनी एकाच आवारातला हा नमुना इतकी वर्षे का पाहिला नसावा, हे मला उलगडत नाही. कदाचित त्या खेळात पैसा कमी असल्याने हस्तक्षेप करणारेही कमी असतील.

फ्रॉस्ट यांच्यानंतर मॅट रूल आले, आणि त्यांच्या बाबतीत विद्यापीठाने पहिल्यांदा कामाशी जुळणारा पुरावा पाहिला, हे मान्य केले पाहिजे. टेंपल विद्यापीठाला त्यांनी २-१० वरून दहा विजयांवर नेले होते, बेलर विद्यापीठाला १-११ वरून तिसऱ्या वर्षी अकरा विजयांवर. व्यावसायिक फुटबॉलमध्ये कॅरोलायना पँथर्सने त्यांना काढले होते, तरी विद्यापीठांच्या कामाशी त्याचा संबंध थोडा होता. करार आठ वर्षांचा आणि ७ कोटी ४० लाख डॉलरचा झाला. पहिल्या वर्षी ५-७, दुसऱ्या वर्षी ७-६ आणि २०१६ नंतरचा पहिला बोल सामना, तोही जिंकलेला. ही गती टेंपल किंवा बेलरइतकी नाही, पण दिशा बरोबर होती.

पण ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली. रूल तिथलेच माजी खेळाडू. त्यांचे नाव चर्चेत येताच नेब्रास्काने, संघ ६-२ असताना, त्यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला. उरलेल्या पाच सामन्यांपैकी संघाने एकच जिंकला. रूल चांगले प्रशिक्षक नाहीत असा याचा अर्थ मी काढत नाही. आणखी दोन वर्षे त्यांना द्यावीत या मताचा मी आहे. आक्षेप मुदतवाढीच्या कारणाला आहे. २०१९ मध्ये ती प्रेमापोटी दिली गेली आणि २०२५ मध्ये भीतीपोटी. कामाचे मोजमाप दोन्ही वेळा हंगाम संपेपर्यंत थांबू शकले असते. दुसऱ्या विद्यापीठाने प्रशिक्षक पळवला तर नुकसान होते, हे खरे. पण पळवणाऱ्या विद्यापीठाला त्यासाठी भरपाई द्यावी लागते. नको असलेला प्रशिक्षक मात्र स्वतःच्याच खर्चाने घरी पाठवावा लागतो.

म्हणून पडत्या संघाच्या क्रीडा संचालकाला माझी सूचना अगदी कार्यालयीन स्वरूपाची आहे. जुन्या प्रशिक्षकाला काढण्याच्या आधी एक टिपण लिहावे: संघ का हरतो आहे, त्यातले प्रशिक्षकाच्या हातात किती आणि विद्यापीठाच्या हातात किती, नव्या माणसाला खेळाडू आणि सहायक यांसाठी दरवर्षी किती रक्कम मिळेल, आणि तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस कोणती स्थिती समाधानकारक मानली जाईल. करार मोडल्यास द्यायची रक्कम त्या तिसऱ्या हंगामानंतर झपाट्याने खाली येईल अशी मांडावी आणि मुदतवाढ फक्त हंगाम संपल्यावर, त्याच टिपणाच्या आधारे द्यावी. उमेदवाराच्या एजंटला हे आवडणार नाही, आणि एक-दोन नामवंत माघार घेतील. घेऊ द्यावी. टिपण मात्र कराराबरोबरच प्रसिद्ध करावे. सार्वजनिक विद्यापीठाचा करार तसाही माहितीच्या कायद्याखाली वृत्तपत्रांच्या हाती पडतोच.